मोरचुदातले मूग

मोरचुदाच्या पाण्यात मूग रुजणारच नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती. द्राक्षावर मोरचुदाचं बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातल्या तांब्याने बुरशी मरते. मग कोवळ्या बियाचा काय पाड? पण पेट्री डिशची झाकणं काढली तर फिल्टर पेपरवर बहुतेक मुगांना मोड आलेले. शेजारच्या डिस्टिल्ड वॉटरच्या डिशमध्येही जवळपास तितकेच. मग प्रदूषण-प्रदूषण म्हणतात ते नेमकं कुठे आहे?

"मोड मोजून झाले ना? आता पट्टी घे," मॅडम म्हणाल्या.

साध्या पाण्यातली मुळं पांढरी, लांबसडक. मोरचुदातली जागीच आखडलेली, टोकं तपकिरी. मूलांकुर सालीबाहेर दिसला की बी रुजलं असं वहीत मांडायचं. पुढे त्या मुळाचं काय झालं, हे तो आकडा सांगतच नाही. पाणी पिऊन तर मेलेलं बीसुद्धा फुगतं. जिवंत बी सुरुवातीला घरच्या शिदोरीवर भागवतं, आणि बराचसा धातू सालच अडवून धरते. मूळ बाहेर पडलं की मात्र त्याचं टोक थेट द्रावणात. पेशी भराभर विभागतात त्या तिथेच, आणि मार बसतो तोही तिथेच.

कॅडमियम आणखी वाईट. ते अमायलेज या विकराला मंदावतं, म्हणजे बियात पिष्ट असूनही त्याची साखर होत नाही. जपानमध्ये जिन्झू नदीत खाणीतून हेच कॅडमियम उतरलं आणि काठच्या भातात गेलं. भात रुजलं, पिकलं, म्हणूनच तर कॅडमियम ताटापर्यंत पोचलं. हाडं मोडणाऱ्या इताई-इताई रोगाचं मूळ या प्रदूषणात असल्याचं तिथल्या सरकारने 1968 मध्ये मान्य केलं. रुजण्याच्या टक्केवारीवरचा माझा उरलासुरला विश्वास तिथे संपला.

शिशाच्या डिशने वेगळाच गोंधळ घातला. लेड नायट्रेटच्या बाजूला मॅडमनी पोटॅशियम नायट्रेटची डिश मांडायला लावली होती. त्यात शिसं नाही, मग ती कशाला? तर नायट्रेट स्वतःच कित्येक बियांना रुजायला मदत करतं. शिशाचं नुकसान त्याआड लपू शकतं.

वर हे सगळं फिल्टर पेपरवरचं. मातीत तांबं सेंद्रिय पदार्थांना धरून बसतं, मुळापर्यंत कमीच पोचतं. म्हणून डिशमधला आकडा शेताला जसाच्या तसा लावता येत नाही. हे ऐकून मी जरा वैतागूनच विचारलं, "मग आपण मोजतोय कशाला?"

"तुलनेला," मॅडम म्हणाल्या. "माती चाळून ठेव, उद्या कुंड्या भरायच्यात."