श्यामने उचललेली मोळी

पणदरे, ता. बारामती

चि. मृण्मयी,


परवा फोनवर तू म्हणालीस, रेवाला रोज रात्री ‘श्यामची आई’ वाचून दाखवतेस आणि ती मध्येच विचारते, “हा मुलगा इतका का रडतो?” तुलाही पुस्तक जरा रडकंच वाटतंय म्हणालीस. तेव्हा इथे पालखीची गडबड होती, नीट बोलता आलं नाही. आज सवडीने लिहितेय, कारण लिहिणाऱ्याला रडका समजून तू पुस्तक मिटून ठेवलंस तर मला फार वाईट वाटेल.

पुस्तक कुठे लिहिलं गेलं ते आधी रेवाला सांग. नाशिकच्या तुरुंगात, 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत. साने गुरुजी तेव्हा 33 वर्षांचे होते. आई 1917 सालीच गेली होती आणि शेवटच्या घटकेला हे तिच्याजवळ पोचू शकले नव्हते. पालगडचं एके काळचं खोताचं घराणं कर्जात बुडालेलं. त्या बाईने गरिबीत जे काही दिलं, ते गजाआड बसून आठवताना माणसाच्या डोळ्यांत पाणी येणारच. त्यात लाजण्यासारखं काय आहे? अशा आठवणी कोरड्या डोळ्यांनी लिहिणाऱ्याचा मी तरी भरवसा धरला नसता.

पण हाच माणूस अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 पासून शिक्षक होता. वसतिगृहातल्या मुलांवर त्याने कधी आवाज चढवला नाही. मुलं शाळेत गेली की हा त्यांच्या खोल्या झाडायचा, विस्कटलेली अंथरुणं घडी करून ठेवायचा, पडलेले कपडे धुवायचा. मुलं परत येऊन बघायची तर खोली लख्ख. हळूहळू त्यांचीच त्यांना लाज वाटायला लागली. त्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिकही तो हाताने लिहून काढायचा. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं म्हणून सांगते, छडी उगारणं सोपं असतं. रोज दुसऱ्याच्या पोराचं अंथरूण उचलायला फार चिवट मन लागतं. 1930 साली सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, ते शब्द उतरवून घेणारे हेच. आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे ती त्यांच्या लेखणीमुळे.

आता मुख्य गोष्ट. गेल्या आठवड्यात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीला गेली. परीट मंडळींनी धोतरांच्या पायघड्या घातल्या, पालखीभोवती मेंढ्या धावल्या. तू चार वर्षांची असताना दादाने तुला खांद्यावर बसवून हे दाखवलं होतं. तिथून पुढे बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर करत सगळे पंढरपूरला पोचतात, रांगेत उभे राहतात आणि विठोबाच्या पायांवर डोकं ठेवतात. कुणी कुणाची जात विचारत नाही. हे असंच पहिल्यापासून होतं असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बाहेर आहे, ती का, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्यानंतरही शेकडो वर्षं, तीच वाट चालून आलेले, तेच अभंग गाणारे, पण अस्पृश्य ठरवलेले कितीतरी वारकरी त्या समाधीशीच थांबायचे. आत जायची त्यांना बंदी होती.

गुरुजींनी 1946 च्या अखेरीस ठरवलं, विठोबाचं दार सगळ्यांना उघडलं नाही तर प्राण पणाला लावायचे. सहकाऱ्यांनी गळ घातली की आधी लोकांना समजावा. मग पुढचे काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडले, गावोगाव सभा घेतल्या. राष्ट्र सेवादलाची मुलं त्यांच्यासाठी गाणी आणि मेळे घेऊन फिरली. तरी मंदिराचे पुजारी बडवे बधले नाहीत, तेव्हा 1 मे 1947 ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केलं. ऐन उन्हाळा, आणि सोलापूरकडचा मे महिना म्हणजे काय हे तुला सांगायला नको. खुद्द गांधीजींनी तारेने कळवलं की उपोषण सोडा. गुरुजी गांधीजींना देवासारखं मानायचे, तरी त्यांनी ऐकलं नाही, कारण पंढरपुरातली खरी परिस्थिती गांधीजींपर्यंत पोचली नव्हती. शेवटी दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडवे तयार झाले आणि 10 मे रोजी उपोषण सुटलं. ज्याला तू रडका म्हणालीस, तो हाच माणूस.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाबासाहेबांनी काळारामाचा सत्याग्रह 1930 मध्येच केला होता आणि 1935 ला येवल्यात धर्म सोडायचं जाहीरही केलं होतं. त्यांच्या मागे गेलेल्यांना 1947 साली देवळाच्या दाराची फारशी गरज उरली नव्हती. माझं मत विचारशील तर गुरुजींचं उपोषण आपल्यासारख्या घरांसाठी होतं. दार आपल्या बाजूच्या लोकांनी अडवलं होतं, तेव्हा ते उघडायचं कामही आपलंच होतं.

रेवा विचारेल, त्यांना मुलं होती का? त्यांनी लग्न केलं नाही. पण सुधा नावाची पुतणी होती. तिला लिहिलेली पत्रं ते 15 ऑगस्ट 1948 ला स्वतः सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकात छापायचे. ‘सुंदर पत्रे’ या नावाने त्यांची पुस्तकं झाली. 11 जून 1950 ला त्यांनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. रेवाला हे इतक्यात सांगू नकोस, पण तुला माहीत असावं. मुलांना इतकं हसरं लिहिणारा माणूस आतून किती थकला होता, हे भोवतीच्या माणसांना वेळेवर कळलं नाही.

आता मोळीचं. ‘श्यामची आई’मध्ये अस्पृश्य ठरवलेल्या जातीतली एक म्हातारी आहे. तिच्या डोक्यावर मोळी चढत नाही आणि कुणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन अंघोळ कर. आजच्या वाचणाऱ्याला त्या अंघोळीपाशी ठेच लागते. लागायलाच हवी. त्या काळच्या त्या बाईला तेवढंच पुढे जाता आलं. तिचा मुलगा तिथून निघाला आणि पंढरपूरच्या दारापर्यंत गेला.

‘सुंदर पत्रे’ कालच कुरियरने पाठवलं आहे. ते पोचेपर्यंत रेवाला ही मोळीची गोष्ट वाचून दाखव, आणि कृपा करून अंघोळीचं वाक्य गाळू नकोस. ती विचारेल, “अंघोळ का?” तेव्हा खरं उत्तर दे.

जावईबापूंना नमस्कार, रेवाला गोड पापा.

तुझी,
आत्या