तीस अक्षरांचा युजर

पायथनमध्ये वेबसाइटी बांधणाऱ्या माझ्या पिढीला जँगो या वेब-फ्रेमवर्कच्या युजर टेबलातले रकाने तोंडपाठ होते. युजरनेम, नाव, आडनाव, ईमेल, पासवर्ड. मग हा स्टाफपैकी आहे का, खातं चालू आहे का, सुपरयुजर आहे का, शेवटचं लॉगिन कधी, खातं उघडलं कधी. संपलं. कुठल्याही ऑफिसात जा, कुणाचाही प्रोजेक्ट उघडा, डेटाबेसमध्ये 'ऑथ-युजर' हे टेबल असायचंच आणि त्यात हेच रकाने असायचे. नोकरी बदलली तरी हा एक कोपरा ओळखीचा.

जँगो जन्मलं अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वर्तमानपत्राच्या कचेरीत. एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी तिथल्या रोजच्या कामातून ते घडवलं आणि जुलै 2005 मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कचेरीची छाप आहे, असा माझा आपला समज. ॲडमिनमध्ये शिरून मजकूर चढवणारी चार माणसं ओळखता आली की काम भागलं. त्यांच्या वडिलांचं नाव विचारायचं कारणच काय?

आमच्याकडे मात्र पहिला प्रश्न तोच. एका पतसंस्थेच्या सभासद नोंदणीचा फॉर्म दाखवला, तर मॅनेजरसाहेब म्हणाले, "अहो, मधलं नाव कुठंय यात? एकाच नावा-आडनावाचे चार सभासद आहेत आमच्याकडे, व्याज कुणाच्या खात्यात टाकू?" मधलं नाव, सभासद क्रमांक, शाखा, वारसदार. यातलं काहीच त्या टेबलात बसत नव्हतं आणि टेबलाला हात लावायची सोय नव्हती.

मग प्रोफाइल. शेजारी दुसरं टेबल मांडायचं, त्याचा युजरशी एकास-एक दुवा जोडायचा, सेटिंग्जमध्ये एका ओळीत त्याचं नाव सांगायचं आणि कोडभर 'गेट-प्रोफाइल' म्हणत फिरायचं. युजर तयार झाला की त्याच्या पाठोपाठ प्रोफाइलची ओळ आपोआप पडावी म्हणून सिग्नल लिहायचा. तो सिग्नल लावायच्या आधीचे युजर असले की साइट नेमकी त्यांनाच पाहून कोसळायची. आणखी एक गंमत होती. टेबलांत नंतर फेरबदल करता यावेत म्हणून सगळे अँड्र्यू गॉडविनचं 'साउथ' वापरत. नवा डेटाबेस उभारताना 'सिंकडीबी' चालवलं की ते मध्येच थांबून विचारायचं, सुपरयुजर तयार करू का? हो म्हटलंत की युजर तयार व्हायचा, सिग्नल प्रोफाइल करायला धावायचा, आणि प्रोफाइलचं टेबल साउथच्या ताब्यात असल्यामुळे अजून जन्मालाच आलेलं नसायचं. म्हणून नव्या पोराला पहिल्या दिवशी बजावून ठेवत, "अरे, ते सुपरयुजरचं विचारेल, त्याला नाही म्हण. आधी मायग्रेट कर, सुपरयुजर मागनं." कारण कुणी सांगत नसे. काही धीट मंडळी तर बाहेरून थेट युजरच्या वर्गातच रकाना घुसवत. भाड्याच्या घरात मालकाला न विचारता भिंत पाडावी, तसला प्रकार. चालायचंही. पुढची आवृत्ती येईपर्यंत.

युजरनेमची कथा निराळीच. लांबी तीस अक्षरं. सुरुवातीला त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चाले. लोकांना ईमेलनेच लॉगिन हवं होतं. 2010 च्या मे महिन्यात 1.2 आवृत्तीने '@' आणि टिंबाला परवानगी दिली, म्हणजे ईमेल युजरनेमच्या रकान्यात भरता येऊ लागला. पण लांबी तीसच ठेवली. शेजारचा ईमेलचा रकाना पंचाहत्तर अक्षरांचा, आणि तोच मजकूर युजरनेममध्ये मात्र तिसाव्या अक्षराशी अडणार. मग ईमेलचा हॅश काढायचा, पहिली तीस अक्षरं कापायची आणि ती युजरनेम म्हणून भरायची. लॉगिन तपासायला ईमेल शोधणारं आपलं स्वतःचं बॅकएंड. ॲडमिनमध्ये सभासदांची यादी उघडली की पानभर नुसती आकडे-अक्षरांची खिचडी. पतसंस्थेचे कारकून त्याला 'कॉम्प्युटरचा नंबर' म्हणत आणि निमूटपणे नावावरून शोधत. ही तीसची मर्यादा 2016 मध्ये 1.10 आवृत्तीत दीडशेवर गेली. आडनावाला दीडशे अक्षरं मिळायला 2.0 उजाडावी लागली आणि पहिल्या नावाला 3.1.

त्या काळातली एक गोष्ट मात्र कुणी परत आणतो म्हणालं तर मी हात जोडीन. माणूस लॉगिन झालेला आहे का, हे विचारायचं 'इज-ऑथेंटिकेटेड' तेव्हा फंक्शन होतं, म्हणजे पुढे कंस हवेतच. पायथनमध्ये 'जर' लिहून कंस विसरलात, तर नुसतं फंक्शन अस्तित्वात आहे एवढ्यावरच उत्तर 'हो' यायचं. दार सताड उघडं, आणि एररचा एक शब्द नाही. टेम्प्लेटमध्ये कंस लागत नसत, त्यामुळे तिथली सवय इकडे येई आणि चूक डोळ्यांना दिसतच नसे. 1.10 मध्येच त्याचा गुणधर्म केला, कंसांची भानगड मिटली. अकरा वर्षं लागली याला.

युजर बदलता यावा ही मागणी जुनी. जँगोच्या नोंदवहीत तिचा क्रमांक 3011. रसेल कीथ-मॅगी यांनी ते काम तडीस नेलं आणि फेब्रुवारी 2013 मध्ये 1.5 आवृत्तीत स्वतःचा युजर मांडायची सोय आली. सेटिंग्जमध्ये एक ओळ लिहा, 'ॲबस्ट्रॅक्ट-युजर'वरून आपला वर्ग काढा आणि मधलं नाव, शाखा, हवं ते घाला. युजरनेम नकोच असेल तर तेही काढून टाका. गेट-प्रोफाइल दोन आवृत्त्यांनी कायमचं गेलं.

पण हा निर्णय पहिल्या मायग्रेशनच्या आधी घ्यायचा. नंतर घ्यायचा म्हटलं तर प्रत्येक टेबलातून युजरकडे गेलेला दुवा उपटून पुन्हा लावत बसा. म्हणून आता रीतच पडली आहे की गरज असो वा नसो, नव्या प्रोजेक्टात आधी रिकामा का होईना, आपला युजर मांडून ठेवायचा. वर्गात एकच शब्द, 'पास'. सभासद कोण, त्याला काय लागेल, यातलं काही ठाऊक नसताना त्याच्या ओळखीचा पाया मात्र घालून मोकळं व्हायचं. हे मला अजूनही उलटंच वाटतं. शिवाय ते सगळीकडे सारखं असलेलं टेबल गेलं. आता प्रोजेक्ट हातात आला की पहिला तास इथला युजर कोण आहे, हे शोधण्यातच जातो.

पासवर्डच्या बाबतीत मात्र जुन्या दिवसांबद्दल मला काडीचा उमाळा नाही. तेव्हा रकान्यात 'शा-वन', मग सॉल्ट, मग हॅश, मध्ये डॉलरची चिन्हं. आणि हॅश एकदाच फिरवलेला. 2012 च्या 1.4 आवृत्तीने पीबीकेडीएफ-2 आणून त्याचे 10,000 फेरे केले. 5.2 मध्ये तोच आकडा 10,00,000 झाला. माणूस लॉगिन करतो तेव्हा जुना हॅश आपोआप नव्यात बदलतो, त्याला पत्ताही लागत नाही.

युजरनेममध्ये इंग्रजीखेरीजची अक्षरंही आता चालतात, पण मराठीत करून पाहा. 'कमल' चालतं, 'शरद' चालतं, 'अजय' चालतं. 'राम' चालत नाही. 'सुनीता' तर नाहीच. तपासणी पायथनच्या 'शब्दातलं अक्षर' या व्याख्येवर उभी आहे आणि त्या व्याख्येत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही अक्षरं धरलेली नाहीत. बिनकान्याच्या, बिनवेलांटीच्या, बिनजोडाक्षराच्या माणसांनाच खातं! यात अर्थात आपण अडून राहत नाही. युजर आपलाच आहे, तपासणीच्या नियमात देवनागरीचा अख्खा पट्टा बसवायला पाचसात ओळी पुरतात. पतसंस्थेला मात्र आता त्याचंही काही पडलेलं नाही. त्यांना मोबाइल नंबर आणि ओटीपी हवा असतो, युजरनेमच्या जागी नंबर, पासवर्डचा रकाना रिकामा. आणि मधलं नाव सक्तीचं.