पोटातले जीव आणि नणंदेचा संधिवात

कारंज्याच्या माझ्या नणंदेला रुमेटॉइड संधिवात आहे. ‘पोटातले चांगले जिवाणू वाढव, गोळ्या सुटतील,’ म्हणत कुणीतरी तिला कॅप्सूल सुचवली. कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्याचं. ती तिथंच बाद. पण शाकाहारी कवच मिळालं तरी प्रश्न उरतोच. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना या आजाराच्या नव्या रुग्णांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्री हा जिवाणू जास्त आढळला. आपल्याकडे धान्य-डाळी खाणाऱ्या निरोगी माणसांच्या पोटातही प्रिव्होटेला भरपूर! मग वाढवायचं कुणाला न् घटवायचं कुणाला? संधिवातावर हा इलाज अजून अभ्यासातच आहे. मर्यादेतलं दही ती खातेच, द्विदल टाळून. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी मात्र मी सोडू दिली नाही. पुढच्या महिन्यात तिची रक्ततपासणी आहे, सोबत मी जाणार.