खोल्याची मिरची

गोव्यास जाऊन समुद्र सगळेच पाहतात. आम्ही मिरची पाहून आलो. दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुट्टीत काणकोण तालुक्यातल्या खोला गावी गेलो होतो. तिथे डोंगराच्या उतारावर, नुसत्या पावसाच्या पाण्यावर ही मिरची होते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने तिथलीच मिरची विकायची. (आता या कुलवंत मिरचीचे मूळ घराणे अमेरिकेतले, पोर्तुगिजांबरोबर आलेले! ज्ञानेश्वरांच्या काळी आपल्याकडे तिखटाला मिरीच होती.)

एका अंगणात लालभडक मिरच्या वाळत पडल्या होत्या. आमच्या सौ.ने चौकशी करताच घरच्या आजींनी दोन मिरच्या तिच्या हातावर ठेवल्या आणि कोंकणीत विचारले, घरी उतार आहे ना? आम्ही तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

पुढच्या जूनमध्ये बी रुजले, रोपे वीतभर झाली. मी कौतुकाने सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत होतो. वर मुंबईचा पाऊस होताच. आठ दिवसांत रोपांनी माना टाकल्या. उपटून पाहिले तो मुळे काळी पडून कुजलेली. तेव्हा कुठे आजींचा प्रश्न डोक्यात शिरला. पाऊस खोल्यालाही धो धो पडतो, पण उतारावरून तो वाहून जातो. माझ्या कुंडीत तळे साचले होते. उतार हवा होता तो एवढ्यासाठी.

यंदा उरलेले बी लावले. कुंडीच्या भोकावर खापरी, मातीत वाळू आणि शेणखत, आणि कुंडी दोन विटांवर. वरची माती सुकल्याखेरीज पाणी नाही, असा सौ.चा हुकूम. मध्यंतरी बोकड्या पडून पाने आक्रसली. ती खुडून टाकली. फुले आली, काही गळाली, आणि गणपतीनंतर मोजून अकरा मिरच्या लागल्या. धाकट्याने बी काढून टाकून एक चाखली. तिखटपणा बियांत नसून आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, हे ज्ञान त्याला तत्काळ झाले.

दोन मिरच्या पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी वाळवून पुडीत बांधल्या. पुडीवर मी ‘खोल्याची मिरची’ असे लिहिले. मग मानांकन आठवले, आणि ‘ल्या’वर एक अनुस्वार दिला.