मालेगावची तूर, मालेगावचीच दाय!

तुरीची साल आणि आतली डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, हे तूर पिकवणाऱ्या घरात वाढूनही मला मिल टाकेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं! त्या थरामुळेच तूर सहजासहजी साल सोडत नाही. तो सोडवायचा कसा, यातच अख्खा धंदा आहे.

आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. सोयाबीनच्या तासांमधली तूर पोत्यात भरून बाजार समितीत जायची, तिथून मोठ्या मिलमध्ये, आणि आम्ही किराणा दुकानातून डाळ विकत आणायचो. इतकी वर्षं! अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल चालताना बघितली आणि तिथेच ठरवलं, आपण हेच करायचं.

काय सुंदर काम आहे हे! आधी चाळणीवर लहान-मोठे दाणे वेगळे करायचे. मग खरबरीत रोलरमधून तूर एकदा काढायची. फोडायची नाही, सालीला फक्त ओरखडे पाडायचे. थोडं तेल चोळून ढीग रात्रभर मुरू द्यायचा, पाणी मारायचं, ताडपत्रीवर पसरायचं. आमच्याकडचं एप्रिलचं ऊन, ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात, ते इथे फुकटात राबतं! दाणा दाताखाली धरला आणि कट्कन वाजला, की पुन्हा मिलमध्ये. समोरून पिवळीधमक डाळ बदाबदा पडते. पहिला माल निघाला तेव्हा आम्ही सगळे हातातलं टाकून त्या कोमट डाळीत हात घालून उभे होतो.

100 किलो तुरीची साधारण 70 ते 75 किलो डाळ होते. बाकीच्याचं काय, असं विचाराल तर चुरी आणि टरफल म्हशीवाले दारातून रोखीने नेतात. दुकानदार डाळ उधारीवर मागतो, पण चुरीला उधारी नाही!

आणि पैशाचं गणित खरं इथेच उलगडलं. तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते, ती रोखीने घ्यावी लागते. डाळ मात्र वर्षभर थोडीथोडी खपते. उद्यम नोंदणी मोफत होते, छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे यंत्र एकवेळ उभं राहतं. पोत्यांत अडकणारा पैसा आणायचा कुठून? उत्तर गावातूनच आलं. एक काका पोतं घेऊन आले आणि म्हणाले, “दादा, माही तूर घे, मले दाय करून दे, मजुरी घे.” झालं! माल त्यांचा, भरडाई आपली, भांडवल मोकळं. मिलच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये भरडाईची ओळ शेवटच्या पानावर होती. माझ्या मते ती पहिल्या पानावर हवी.

पॉलिश आम्ही मारत नाही. त्यामुळे डाळ जरा मळकट दिसते, पण एक मावशी परत येऊन म्हणाल्या, “हे दाय घरच्यावानी लागते.” त्या दिवसापासून मी चकाकीची काळजी सोडली. माल बाहेर पाठवायचीही अडचण नाही: अकोला-नांदेड रस्ता आमच्या गावातूनच जातो, समृद्धी महामार्गही तालुक्यातून. मग मालेगावची तूर मालेगावच्याच नावाने का विकली जाऊ नये?

तुमच्या वावरात तूर असेल, तर यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी एकदा अकोल्याला जाऊन हे यंत्र चालताना बघा. आणि येताना मालेगावला उतरा, आमची मिलही दाखवतो.