सिहोऱ्याच्या लेथवरचं दुधाळ पाणी

तुमसरहून बपेऱ्याकडे निघालात की वाटेत सिहोरा लागतं. भंडारा जिल्ह्याचं हे टोक. पुढे थोडं गेलं की मध्य प्रदेश. पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानच धान! जवळच चांदपूरचा मोठा तलाव आहे. बावनथडी नदीचं पाणी सोंड्याटोल्याच्या उपसा योजनेतून पंपांनी वर खेचून या तलावात सोडतात आणि तिथून ते कालव्यांनी बांध्यांमध्ये पोचतं. म्हणजे इथलं पाणी नुसतं आभाळातून पडत नाही बरं का; ते वीज खर्चून चढवावं लागतं.

पंप, ट्रॅक्टर, मळणीयंत्र आली की लेथ मशीनही आलंच. मी तिथल्या एका छोट्याशा वर्कशॉपच्या दारात उभा होतो. पंपाची दांडी गरगर फिरत होती, पोलादी पातं तिला सोलत होतं. शेजारचा एक मुलगा शेल्फावरच्या डब्यातलं पांढरं पाणी पाहून म्हणाला, ‘‘हे दूध होय का जी?’’

मिस्त्रीकाका हसले. ‘‘पिऊन नको पाहू बाबू! कूलंट आहे ते.’’

वीस भाग पाण्यात साधारण एक भाग खास तेल मिसळलं की असं दुधाळ पाणी तयार होतं. तेलाचे अगदी बारीक थेंब पाण्यात तरंगतात, म्हणून ते पांढरं दिसतं. दूधही याच कारणाने पांढरं दिसतं! पण तेल पाण्यात ओतायचं हं, पाणी तेलात नाही. नाहीतर गुठळ्या होतात.

हे कशाला लागतं? सांगा पाहू, तारेचा तुकडा मागेपुढे वाकवला की तो गरम का होतो? लोखंड कापतानाही तसंच होतं. निघणारा कीस कधीकधी निळा पडतो. म्हणजे उष्णता ३०० अंशांच्या आसपास गेली असं समजा. अमेरिकेच्या फ्रेडरिक टेलरने १९०६ साली दाखवून दिलं, की कापण्याच्या जागी पाण्याची भरपूर धार सोडली तर काम तीस-चाळीस टक्के जास्त वेगाने करता येतं. झालं! जगभरच्या यंत्रांवर धारा सुरू झाल्या.

पण वापरलेलं कूलंट जातं कुठे? टाकीत साचलं की त्यात जंतू वाढतात आणि सोमवारी वर्कशॉप उघडलं की कुजका वास येतो. कामगारांच्या हातांना खाज सुटते. मिस्त्रीकाका म्हणाले, ‘‘पयले आम्ही ते मागच्या नालीत सोडत होतो जी. नाली जाते बोडीत.’’ बोडी म्हणजे शेताजवळचं छोटं तळं. बोडीवर तेलाचा रंगीबेरंगी पापुद्रा दिसला, तेव्हा काकांना घरच्यांचे बोल ऐकावे लागले. कारण त्याच बोडीचं पाणी त्यांच्या धानाला!

मग त्यांनी काय केलं? नळ बंद केला. आता हळू चालणाऱ्या कामाला ते ब्रशने दोन थेंब तेल लावतात, नेमकं पात्याच्या टोकाशी. बिडाच्या आणि पितळेच्या कामाला तर तेही नाही. या दोन्ही धातूंचा कीस तुटक पडतो, पात्याला फार छळत नाही. (भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध, हे तुमच्या आजीला विचारा!) ॲल्युमिनियम मात्र पात्याला चिकटतं, त्याला तेल हवंच.

मोठ्या कारखान्यांनी हीच युक्ती यंत्राने साधली. दाबाच्या हवेत तेलाचा किंचित तुषार मिसळून तो टोकावर मारायचा. तासाला पन्नास मिलिलिटर धरलं तर आठ तासांत ४०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटरही नाही! धार सोडायची तर मिनिटालाच कित्येक लिटर फिरवावे लागतात. अर्थात ते पाणी टाकीत परत येतं. पण थोडं उडतं, थोडं किसाबरोबर जातं आणि उरलेलं शेवटी टाकावंच लागतं. जर्मनीतल्या मोटार कारखान्यांनी १९९० च्या दशकात हिशेब मांडला, तेव्हा उत्पादनखर्चाच्या शंभरातले ७ ते १७ भाग कूलंटपायी जात होते आणि पात्यांवर फक्त २ ते ४! तुषाराचीही एक खोड आहे. तो श्वासात जाऊ नये म्हणून धुरासारखा ओढून घ्यावा लागतो.

ग्राइंडिंगचं मात्र वेगळं. तिथे दगडाचे हजारो कण घासतात आणि बहुतेक उष्णता कामातच शिरते. कूलंट कमी पडलं तर कडक पोलादावर करपल्यासारखा डाग पडतो, ते मऊ होतं, कधी तडकतं. मग बचत कशी करायची? दगडाची कड सेकंदाला तीसेक मीटर पळते, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरहून जास्त! तिच्याभोवती वाऱ्याचा पट्टा फिरत असतो आणि तो पाणी बाहेर फेकतो. तुम्ही फिरत्या दोरीत उडी मारायला कसे शिरता? दोरीचा ठेका पकडून ना? तसंच धारेचा वेग दगडाच्या वेगाइतका ठेवून ती नेमक्या जागी मारली, तर थोडं पाणीही आत पोचतं. नुसतं वरून ओतलेलं बरंचसं वाया जातं.

‘‘ग्राइंडिंगला मी कंजुषी नाही करत,’’ काका म्हणाले. ते कूलंट ते गाळून घेतात, वर तरंगणारं तेल काढून टाकतात आणि तेच पुन्हा वापरतात. खराब झालेलं ड्रममध्ये भरून ठेवतात. नालीचं तोंड त्यांनी सिमेंटने बुजवलं आहे.

संध्याकाळी निघताना मी ब्रशच्या डब्यात डोकावलो. सकाळी भरलेलं तेल अजून अर्ध्याच्या वर होतं.