लाखेचे बारा हजार

कुलूप चोराला अडवते; सील चोराची फक्त चुगली करते. एवढे साधे तत्त्व कळायला मला एक बरणी लोणचे खर्ची घालावे लागले.

गोष्ट १९७८ सालची. माझी मावशी चोरखमाऱ्याला राहायची. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून हे गाव. जिल्हा तेव्हा भंडारा, आता गोंदिया. (गावाच्या नावातल्या ‘चोरा’शी आपला संबंध नाही, असे मी तोवर समजत होतो.) मुंबईच्या मामाला मावशी दरवर्षी कुणाच्या तरी हाती आंब्याचे लोणचे धाडी. त्या वर्षी तो मान माझ्याकडे आला.

बरणीच्या तोंडाला फडके, फडक्यावर सुतळी आणि सुतळीच्या गाठीवर लाख. पळसावर, कुसुमावर बसणारा इवलासा किडा स्वतःच्या रक्षणासाठी अंगाभोवती कवच करतो, तीच ही लाख. म्हणजे मुळात ते किड्याचेच सील! दिव्यावर धरली की मऊ, निवली की काचेसारखी ठिसूळ. सोडवायला गेलात की फुटलीच. तिचे सगळे मोल त्या फुटण्यात! मावशीने ऊन लाखेवर पेटीतले जुने जोडवे दाबले आणि म्हणाली, “बाबू, वाघ आला तरी सोडू नोको!”

वाघ आला नाही. भुसावळ आले. डब्यातली पोळी कोरडी होती आणि फडक्यातून वास येत होता. बाकीचे सांगत नाही. दादर येईतो पाव बरणी रिकामी!

मग लाखेची कांडी विकत घेतली, मित्राच्या खोलीवर स्टोव्हवर वितळवली. पण जोडवे कुठून आणणार? खिशातले चार आणे दाबले.

मामाने गाठ निरखली. “ताईनं यंदा सरकारी नोकरी धरली वाटतं. सिंहाचा शिक्का!”

मी घाम पुसला. मामाने कपाटातून एक डबी आणली. आत लाखेचे बारा तुकडे, प्रत्येकावर अर्धेमुर्धे जोडवे. “तिला लिहिता येत नाही रे. वर्षाचं हे एवढंच पत्र.”

लोणच्याबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. उलट माझ्याच पानात दोन फोडी जास्त वाढल्या. त्या काही घशाखाली उतरेनात.

पुढल्या वर्षी मी आपण होऊन चोरखमाऱ्याला गेलो. बरणी आणली. भुसावळला पोळी कोरडीच खाल्ली.